खान्देशातली अनोळखी माणसं, अनोळखी गावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमळनेरचा. नोकरी संपल्यापासून पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना, नातवंडांच्या मित्रांना आणि कधी कधी कुणाच्या तरी ओळखीने आलेल्या अगदी परक्या माणसांनाही खान्देश दाखवत फिरतो. फिरून गेल्यावर त्यांचे फोन आणि मेसेज येत राहतात, आणि प्रश्न फिरून तेच असतात. म्हणून एकदाचे लिहून काढले. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. खान्देश म्हणजे नेमके कोणते जिल्हे?

आजच्या हिशेबाने जळगाव, धुळे आणि नंदुरबार. इंग्रजांनी १८१८ नंतर केलेला खान्देश जिल्हा एकच होता आणि त्याचं ठाणं धुळ्याला होतं. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर पूर्व खान्देशाचा जळगाव जिल्हा झाला, पश्चिमेचा धुळे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला.

कागद सोडून बोलीवर जायचं तर हद्द बदलते. बागलाण, कळवण, मालेगाव हे तालुके नाशिक जिल्ह्यात आहेत, पण तिथल्या बाजारात उभे राहा, कानावर अहिराणीच पडेल. उलट बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात गेलं, आणि जुना खान्देश त्याच्याशिवाय पुरा होत नाही (प्रश्न ३).

२. नाव 'खान'वरून आलं की 'कान्हा'वरून?

दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलणारे भेटतात. फारुकी राजांना गुजरातच्या सुलतानाकडून 'खान' हा किताब मिळाला आणि त्यांचा देश तो खानदेश, हे एक मत. कान्हदेश, म्हणजे कृष्णाचा, अहिरांचा देश, हे दुसरं. मला पहिलं जास्त पटतं, पण लग्नाच्या पंगतीत मी हा विषय काढत नाही. एक गंमत मात्र पक्की आहे. १६०१ मध्ये अकबराने अशीरगड घेतला, फारुकी राज्य संपवलं आणि मुलगा दानियाल याच्या नावावरून या मुलखाला 'दानदेश' म्हणायला लावलं. ते नाव काही टिकलं नाही.

३. फारुकींची राजधानी बुऱ्हाणपूर. मग तुम्ही सगळ्यांना थाळनेरला का नेता?

कारण सुरुवात तिथली आहे. शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठावर थाळनेर. मलिक राजाने १३८२ च्या सुमारास दिल्लीपासून मोकळं होऊन इथून राज्य चालवलं. बुऱ्हाणपूर वसवलं ते त्याच्या मुलाने, नासिर खानाने. बुऱ्हाणपूरचे महाल बघायला बस भरून लोक जातात. थाळनेरला फारुकी राजांची थडगी आहेत आणि तिथे बहुतेक वेळा आपण आणि शेळ्या एवढेच असतो. त्यातलं एक अष्टकोनी आहे. त्याच्या भिंतींवरचं कोरीवकाम उन्हं कलली की उठून दिसतं, म्हणून मी दुपारी चारनंतरच नेतो.

दुसरं कारण किल्ला. आज नदीकडेला ढासळलेले बुरूज तेवढे आहेत. मंदसौरच्या तहात होळकरांनी हा किल्ला इंग्रजांना देऊन टाकला होता, पण किल्लेदार तुळशीराम याने फेब्रुवारी १८१८ मध्ये तो सोडायला नकार दिला. आत शिरलेले काही इंग्रज अधिकारी दरवाज्यात मारले गेले. मग सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने आतल्या शिबंदीची कत्तल केली आणि किल्लेदाराला फासावर दिलं. हे प्रकरण इतकं उघडंवाघडं होतं की इंग्लंडच्या संसदेतही त्यावर बोललं गेलं. गावात मात्र तुळशीरामाच्या नावाची पाटी मला कुठे दिसली नाही.

४. लता मंगेशकरांचं आजोळ खान्देशात होतं हे खरं का?

खरं, आणि तेही थाळनेरच. दीनानाथांच्या पत्नी शेवंती, म्हणजेच माई, या थाळनेरचे गुजराती व्यापारी हरिदास लाड यांच्या कन्या. त्यांची थोरली बहीण नर्मदा या दीनानाथांच्या पहिल्या पत्नी. त्या वारल्यावर दीनानाथांनी शेवंतीशी लग्न केलं. लतादीदींचा जन्म १९२९ चा, इंदूरचा, त्यामुळे 'लतादीदी थाळनेरच्या' असं म्हणू नका. आजोळ एवढंच म्हणा, तेवढंही पुष्कळ आहे.

५. बहिणाबाईंच्या कविता अहिराणीत आहेत ना?

नाहीत. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, आणि विचारणारे बरेचदा शिक्षक असतात. बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांची भाषा तावडी मुलखातली लेवा गणबोली. अहिराणी आणि लेवा शेजारणी आहेत, पण घर एक नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे 'शे'. अहिराणी माणूस विचारेल, 'तुन्हं नाव काय शे?' लेवा बोलणाऱ्याच्या तोंडी हा 'शे' येत नाही. बहिणाबाईंची कुठलीही ओळ घ्या आणि 'शे' शोधा.

मोठ्या ढोबळ मानाने अमळनेर, धुळे, शिंदखेडा, साक्री, चाळीसगाव या पट्ट्यात अहिराणी, आणि जळगावच्या पूर्वेला यावल, रावेर, भुसावळकडे लेवा. अधूनमधून गुजर, भिली, पावरी, तडवी, बंजारा बोलीही भेटतात. सगळ्यालाच 'खान्देशी' म्हणून मोकळं होऊ नये.

६. संत बहिणाबाई त्याच का?

नाही. संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. आसोद्याच्या बहिणाबाई शेतकरीण. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी गाणी उतरवून घेतली. जळगावच्या विद्यापीठाला नाव आहे ते या दुसऱ्या बहिणाबाईंचं.

७. बालकवी रेल्वेखाली गेले ते कुठे?

भादली स्टेशनवर, जळगाव आणि भुसावळ यांच्या मधे. तारीख ५ मे १९१८. रूळ ओलांडताना गाडी आली. वय अठ्ठावीसही पुरं नव्हतं. जन्म धरणगावचा, १८९० चा. गाड्या भादलीवरून धडाधड निघून जातात. पॅसेंजरने गेलात तर दोन मिनिटं उतरता येतं, एवढंच.

८. चाळीसगावला केकी मूस यांचं घर आहे म्हणतात. पन्नास वर्षं घराबाहेर न पडलेला माणूस, ही गोष्ट खरी?

घर आहे, बघता येतं, आणि खान्देशात एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर मी हे सांगेन.

कैखुश्रू माणेकजी मूस हे पारशी. जन्म २ ऑक्टोबर १९१२ चा, मुंबईचा. विलायतेत कला शिकून परतले आणि चाळीसगावला स्टेशनजवळच्या बंगल्यात राहिले ते ३१ डिसेंबर १९८९ ला देह ठेवेपर्यंत. चित्रं, शिल्पं, कागदाच्या घड्यांचं काम, सतार, सगळं त्या घरात. पण त्यांचं खरं नाव झालं ते टेबलावरच्या छायाचित्रणात. म्हणजे असं की वाळू, काड्या, कापूस, काचेचा तुकडा अशा घरातल्या वस्तू टेबलावर मांडायच्या, दिवा हवा तिथे धरायचा आणि फोटो असा काढायचा की बघणाऱ्याला बर्फातलं गाव दिसावं. माझ्याबरोबर आलेली एक मुलगी फोटोपुढे नाक लावून उभी राहिली. मग म्हणाली, 'आजोबा, हा डोंगर खोटा आहे.' तिला ते कळायला पाच मिनिटं लागली, मला पहिल्या वेळी कळलंच नव्हतं.

आता ती गोष्ट. प्रेयसीने 'पंजाब मेलने येईन' असा शब्द दिला होता म्हणून ते रोज रात्री मेलच्या वेळेला दार उघडं ठेवून वाट बघत, असं चाळीसगावात लहान पोरसुद्धा सांगतं. क्वचित अपवाद सोडता ते घर सोडून गेले नाहीत ही गोष्ट सर्वतोमुखी आहे. मी पाहुण्यांना ती सांगतो, पण फोटो बघून झाल्यावर. आधी सांगितली की लोक फोटो बघतच नाहीत, दाराकडे बघत बसतात.

९. भास्कराचार्यांचा जन्म पाटणादेवीला झाला का?

चाळीसगावपासून जवळच, डोंगराच्या कुशीत पाटणादेवी. तिथल्या पाटीवर, रिक्षावाल्याकडे, शाळेच्या सहलीत सगळीकडे हेच ऐकाल. भास्कराचार्यांनी स्वतः आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं 'विज्जडविड' असं सांगितलं आहे, आणि ते गाव कुठलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

पाटणचा जो शिलालेख आहे तो जन्माचा नाही, मठाचा आहे. शके ११२८, म्हणजे १२०६-०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. आजोबांचे 'सिद्धान्तशिरोमणी' आणि इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी मठाला कुणी काय द्यायचं याचा तपशील आला की भाषा जुन्या मराठीवर येते. हा लेख उजेडात आणला भाऊ दाजी लाड यांनी. मला विचाराल तर गणिताच्या अभ्यासासाठी दान दिल्याचा आठशे वर्षांचा पुरावा ही जन्मस्थळापेक्षा मोठी गोष्ट आहे.

१०. मग मुक्ताईनगरजवळचं चांगदेव मंदिर त्याच चांगदेवाचं?

नाही, आणि घोटाळा साहजिक आहे. तापी आणि पूर्णेच्या संगमावरचं मंदिर योगी चांगदेवांच्या नावाचं, वाघावर बसून ज्ञानेश्वरांच्या भेटीला गेले ते. पाटणचा चांगदेव ज्योतिषी (प्रश्न ९). जवळच मुक्ताबाईंचं स्थान आहे. मुक्ताईनगरचं जुनं नाव एदलाबाद, म्हातारी माणसं अजूनही तेच म्हणतात, तिकीट काढताना गोंधळू नका.

११. अजिंठ्याची चित्रं उतरवणारा गिल साहेब भुसावळात पुरला आहे का?

हो. मेजर रॉबर्ट गिल १८४० च्या दशकात अजिंठ्याला आला, वर्षानुवर्षं लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत राहिला. त्यातल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तो १८७९ मध्ये वारला, कबर भुसावळच्या जुन्या युरोपीय दफनभूमीत. पारो नावाच्या मुलीशी त्याचा स्नेह होता. तिची कबर मात्र अजिंठा गावात, १८५६ ची. लोक पारोच्या कबरीवर जातात, गिलकडे कुणी फिरकत नाही. लेणी औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत, पण रेल्वेने येणाऱ्याला सोयीचं स्टेशन जळगावच.

१२. स्वातंत्र्यलढ्यातलं काय बघायचं? शिरीषकुमार सोडून काही आहे का?

शिरीषकुमार सोडू नका. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारच्या भर चौकात मिरवणुकीवर गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता तेव्हा पंधरा वर्षांचा. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही गेले. पोरांच्या तोंडी घोषणा गुजराती होती. नंदुरबारच्या बाजारात मराठी, गुजराती, अहिराणी आणि भिली एकाच वेळी कशा चालतात ते पाहिलं की यात नवल वाटत नाही.

बाकीचं थोडक्यात. १४ एप्रिल १९४४ ला चिमठाणे गावाजवळ धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना लुटला गेला. साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड आणि साथी त्यात होते, आणि खान्देशातल्या घरांनी आसरा दिला म्हणून ते जमलं. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन भरलं. अध्यक्ष नेहरू, घरची बाजू धनाजी नाना चौधरींनी सांभाळली, आणि मंडपाची सजावट नंदलाल बोसांनी बांबू आणि गावच्या साध्या सामानातून केली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती भराभर उतरवून घेतली. 'गीता प्रवचने' हे पुस्तक म्हणजे तेच. साने गुरुजी जन्माने कोकणातल्या पालगडचे, पण १९२४ ते १९३० आमच्या प्रताप हायस्कुलात मास्तर होते. अमळनेरकर त्यांना कोकणाला परत द्यायला तयार नाहीत.

१३. सातपुड्यातल्या माणसांबद्दल काही लिहीत नाही कुणी. तुम्ही सांगाल?

तक्रार रास्त आहे. तीन नावं सांगतो. खाज्या नाईक, सेंधव्याच्या घाटात पहारा करणारा भिल्ल नाईक. १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला, एप्रिल १८५८ ला आंबापाणीला मोठी लढाई झाली. दुसरे तळोद्याजवळच्या मोरवडचे गुला महाराज. १९३० च्या दशकात त्यांनी दारू सोडा, अंघोळ करा, एकमेकांना 'आप' म्हणा असं सांगितलं आणि आरतीला दर सोमवारी हजारोंनी आदिवासी जमू लागले. 'आप' म्हणणं आज साधं वाटेल. ज्याला सावकार 'ए' म्हणूनच हाक मारतो त्याला ते साधं नव्हतं. ते १९३८ मध्ये गेले. तिसरे शहाद्याकडचे अंबरसिंग महाराज सुरतवंती, १९७० च्या सुमाराला गेलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठी उभे राहिलेले.

१४. काठीची होळी बघायला जाऊ का? फोटो काढू देतात का?

जा. अक्कलकुवा तालुक्यातली काठी संस्थानाची राजवाडी होळी. उंच बांबू उभा करतात, त्याचा खड्डा कुदळ-फावड्याने नाही, हाताने खणतात. होळी पेटते पहाटे. रात्रभर ढोल, मोरपिसांचे टोप, अंगावर नक्षी काढलेले बावा-बुध्या, कमरेला घुंगरं. यातल्या कित्येकांनी नवस म्हणून अनेक दिवसांचं कडक व्रत पाळलेलं असतं, त्यांना धक्का लागता कामा नये. फोटो विचारून काढा. आणि घरातलं कुणी 'काय रात्रीचा तमाशा' असं म्हणणारं असेल तर त्याला घरीच ठेवा.

१५. खेळात खान्देशचं कोण?

कुस्तीत चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचा विजय चौधरी. २०१४, २०१५, २०१६ असा लागोपाठ तीन वेळा महाराष्ट्र केसरी. दुसरं नाव ऐकून लोक चकित होतात: प्रतिभाताई पाटील. जन्म नाडगावचा, आणि जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात असताना त्या टेबल टेनिस गाजवत होत्या. राष्ट्रपती झाल्या ते फार पुढे, २००७ मध्ये.

बारागाड्यांना खेळ म्हणू नका. यात्रेत एकाला एक जोडलेल्या बारा बैलगाड्या, वर खचाखच माणसं, आणि पुढे ओढणारा भगत, दोन्ही बाजूंना त्याला सांभाळणारे बगले. तो नवस आहे. आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला) किंवा खंडेरावाच्या यात्रेला बघायला मिळतो. गाड्या सुटल्या की रस्त्याच्या मधे थांबू नये, त्यांना ब्रेक नसतो.

घोडे बघायचे असतील तर सारंगखेडा, दत्तजयंतीला, तापीकाठी.

१६. उनपदेव चोपड्यात की शहाद्यात?

दोन्हीकडे. दोन्ही ठिकाणी गरम पाण्याचे झरे आहेत आणि नाव एकच. एक चोपडा तालुक्यात अडावदजवळ, दुसरं शहादा तालुक्यात. मी स्वतः एका कुटुंबाला एकीकडे बोलावून दुसरीकडे जाऊन बसलो होतो. चार तास. तेव्हापासून नावापुढे तालुका लिहितो.

१७. 'फड' बघायला चला म्हणालात, आम्हाला तमाशा वाटला.

पांझरेकाठी फड म्हणजे पाण्याची जुनी वाटणी. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि त्याखालची जमीन फडांमध्ये वाटलेली. एका फडात त्या साली सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाणी एका हिशेबाने जातं, कुणाचा ऊस कुणाच्या बाजरीचं पाणी पीत नाही. पाणी सोडायला पाटकरी. मालकाने स्वतः बारं (पाटातून शेतात पाणी घ्यायचं तोंड) फोडायचं नाही, पाटील असला तरी. पगार गावकऱ्यांनी धान्यात द्यायचा. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षं हे चाललं. काही ठिकाणी विहिरी आणि मोटारी आल्यावर मोडलं, काही ठिकाणी टिकून आहे. पाटकऱ्याशी बोलायचं तर सकाळी सातच्या आत बंधाऱ्यावर पोचा, नंतर तो कुठल्या चारीवर असेल ते त्यालाच माहीत.

१८. नवापूर स्टेशन खरंच दोन राज्यांत आहे?

आहे. रेल्वे आधी आली, राज्यं १९६० मध्ये वेगळी झाली, रेघ फलाटावरून गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत. अर्धं अर्धं रंगवलेलं बाक आहे, तिथे फोटोला रांग लागते.

१९. यायचं कधी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी कुत्रंही रस्त्यावर नसतं. बारागाड्यांसाठी आखाजीलाच यायचं असेल (प्रश्न १५) तर संध्याकाळी गाड्या ओढतात तेव्हाच बाहेर पडा. थाळनेरला पाण्याची बाटली बरोबर ठेवा, थडग्यांपाशी सावली आहे, नळ नाही.